‘कुत्रं असेल तर घर नाही’ : हिंदवाडीतल्या घरमालकांना खुले पत्र

बेळगावातील हिंदवाडी, अनगोळ रस्ता आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतील सर्व घरमालकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये आपण जमलो ते खरं म्हणजे पाइपसाठी खणून ठेवलेल्या रस्त्याबद्दल बोलायला. रस्त्यावर दहा मिनिटं बोललो आणि कुत्र्यांवर पाऊण तास. शेवटी ठरलं काय, तर यापुढं कुत्रं असलेल्या भाडेकरूला कुणीही घर द्यायचं नाही, आणि ‘मने बाडिगेगे इदे’च्या (घर भाड्यानं देणे आहे) पाटीखाली तसं तिन्ही भाषांत लिहायचं. हात वर झाले. माझा हात मांडीवरच होता. तो कुणाला दिसला नाही, किंवा माझ्याच माडीवर कुत्रं आहे म्हणून दिसूनही सोडून दिला गेला. तिथं बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगते, मला कुत्र्यांचं वेड नाही. कुत्र्याशी लाडे लाडे बोलणारी माणसं पाहिली की मला अवघडल्यासारखं होतं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव थोरच, पण त्यांना माडी भाड्यानं द्यायची नव्हती. मला द्यायची असते. ह्यांच्या मागं पेन्शन अर्धी झाली आणि वरच्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या भाड्यावर माझा महिना निघतो. तेव्हा पुढचं सगळं हिशेबाच्या वहीतून उतरवलं आहे असं समजा.

२०१९ साली माझ्या भाडेपत्रात तुमच्या ठरावातलंच वाक्य होतं. पाळीव प्राणी ठेवता येणार नाही, असं कोर्टासमोरच्या टायपिस्टनं इंग्रजीत झोकात टाइप केलेलं. अकरा महिन्यांचा करार, तीस हजार अॅडव्हान्स, उद्यमबागेकडच्या कॉलेजात शिकणारी तीन मुलं. जूनमध्ये मुलं आली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी जिमच्या बॅगेतून हस्कीचं पिल्लू आणलं. मला कळलं ऑक्टोबरात. मधे दोन-तीनदा वरून केकाटणं ऐकू आलं, तेव्हा ‘मोबाइलवर व्हिडिओ लागला होता काकू’ हे उत्तर मी मान्य केलं होतं. तीस वर्षं वर्गात पोरं ओळखण्यात घालवलेल्या बाईला असं गुंडाळावं!

आता त्या एका वाक्यानं काय काय केलं ते बघा. बंदी होती म्हणून पिल्लाला दिवसा खाली आणायची सोय नव्हती. बाहेर जायला मिळेना म्हणून ते उंबऱ्यावर आणि न्हाणीघराच्या दाराशी मुतायला शिकलं. दवाखान्यात नेताना काकू बघतील म्हणून लस नाही, गोचिडाचं औषध नाही. फिरणं नाही म्हणून अंगातली सगळी रग सागवानी दारावर. बर्फात गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली ती जात. तिला दोन खोल्यांत कोंडल्यावर ती दार कुरतडणार, नाहीतर काय करणार?

दिवाळीला तिघेही गावी गेले. एक मित्र येऊन खायला घालणार होता, तो आलाच नाही. किल्ली माझ्याकडं नव्हती. मागच्या खिडकीच्या गजांतून मी पोळ्या आत टाकल्या, पाण्याचं मात्र काही करता आलं नाही. दोन रात्री तो कुत्रा रडला. हस्की फारशी भुंकत नाहीत, लांडग्यासारखा हेल काढतात. तिसऱ्या दिवशी मुलं परतली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. पंधरा दिवसांत घर खाली करा म्हटलं. केलं त्यांनी. सामान गेलं आणि कुत्रा जिन्याच्या वळणावर राहिला, शेजारी खाद्याची अर्धी पिशवी. फोन केला तर म्हणे, ‘काकू, नव्या ठिकाणी चालत नाही हो.’ नवं ठिकाण म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच कुणाची तरी माडी.

सहा दिवस तो तिथंच बसून होता, वरच्या दाराकडं तोंड करून. चोर्ला घाटात सोडून या, असा सल्ला मला त्या आठवड्यात तिघांनी दिला. तिघेही रविवारी हॉलमध्ये होते. शेवटी खानापूर भागातला एक ओळखीचा शेतकरी राखणीला म्हणून त्याला घेऊन गेला. मला हायसं वाटलं. चार महिन्यांनी सहज चौकशी केली, तर तो म्हणाला, बिबट्यानं नेला, साखळीला होता ना. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि फोन ठेवला.

घराचं नुकसान अडतीस हजारांचं झालं, म्हणजे अॅडव्हान्स जाऊन वर आठ हजार. दार, उंबरा, रंग हे तुम्हाला कल्पनेनं कळेल. गोचिडांचं कळणार नाही, म्हणून सांगते. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड रानातल्या गोचिडासारखी गवतात राहत नाही, ती घरातच जन्म काढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि चौकटीमागं, पट्टीच्या फटीत, घड्याळामागं अंडी घालते. एकेक मादी हजारांनी. कुत्रं निघून गेलं तरी ही मंडळी उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात. रंगाऱ्यानं स्विचबोर्ड उघडला तेव्हा आत मिरे सांडल्यासारखं दिसत होतं. औषधवाला एकदा फवारून पैसे घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत पुन्हा भिंतीवर रांग, कारण फवाऱ्यातून अंडी वाचतात. दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी आणि फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवणं, हे दोन्ही केल्यावरच सुटका झाली. महिन्याच्या महिन्याला त्या कुत्र्याच्या मानेवर औषधाचे चार थेंब पडले असते तर यातलं काहीच झालं नसतं. पण जे कुत्रं घरात नाहीच, त्याच्या मानेवर थेंब कोण घालणार?

लघवीचंही तसंच. आपल्या जुन्या घरांतला लाल कोबा आणि शहाबादी फरशी ती पिऊन घेते. अमोनियाच्या वासाच्या क्लीनरनं पुसलं की आपल्याला स्वच्छ वाटतं, कुत्र्याला मात्र तो वास लघवीचाच लागतो आणि ते पुन्हा त्याच जागी येतं. आधी कागदानं टिपून घ्यायचं, मग साबणपाणी, मग वर खाण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवायचा. डाग जुना असेल तर दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, महाग आहे पण काम करतं. इंटरनेटवर सगळे व्हिनेगर सांगतात. मोझॅकवर किंवा शहाबादीवर ते कदापि ओतू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट पडलं की कायमचा चट्टा. माझ्या वरच्या स्वयंपाकघरात आहे तो, या आणि बघून जा.

त्यानंतर कोविड आला आणि माडी चौदा महिने रिकामी राहिली. २०२१ मध्ये बैलहोंगलकडचं एक जोडपं घर बघायला आलं, दोघंही नोकरीवाले. सोबत चार वर्षांचा तांबूस गावठी कुत्रा. नाव राजा. चावतो का, विचारलं. ‘एनू माडंगिल्ल री,’ बाई म्हणाल्या. काही करत नाही. कुत्रं पाळणारा प्रत्येक माणूस, कुठल्याही भाषेत, हे वाक्य म्हणतोच, त्यामुळं त्याला काडीची किंमत नाही. पण चौदा महिन्यांच्या रिकाम्या माडीला होती. मी अट घातली की कुत्रा वर न्यायचा नाही, जिन्याखाली बांधायचा. त्यांनी मान्य केलं आणि मला वाटलं, मी फार व्यवहारी.

मग २०२२चा ऑगस्ट. जाधवनगरात बिबट्यानं एका मजुरावर झडप घातली आणि तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आठवतं ना? बावीस शाळा बंद, शोधायला हत्ती आणले, जवळजवळ महिनाभर अख्खं बेळगाव व्हॉट्सॲपवर बिबट्या बघत होतं आणि तो शेवटपर्यंत हाताला लागला नाही. मैदान आमच्यापासून लांब. तरीही एका रात्री अकराच्या सुमारास, पाऊस कोसळत असताना, जिन्याखाली साखळी जोरात वाजली. बाहेर बहुधा मांजर असेल. मला खानापूरचा तो फोन आठवला. उठले, छत्रीसुद्धा न घेता जिन्याचं दार उघडलं आणि वर हाक मारली, ‘याला आत घ्या वो!’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भीतभीतच विचारलं, किती दिवस आत ठेवू? मी म्हटलं, करार बदलून घेऊ. नंतर कळलं की माझी ती जिन्याखालची अट कायद्यातही बसत नव्हती. कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा त्यांचा ठरला असता, पण करायला मी लावला होता.

आता माझ्या करारात काय आहे ते सांगते. घर बघायला येताना कुत्र्याला घेऊन यायचं. तो फाटकातून कसा येतो, दुसरं माणूस दिसल्यावर काय करतो, मालकाच्या हाकेला वळतो की नाही, हे दहा मिनिटांत दिसतं आणि त्या ‘काही करत नाही’पेक्षा जास्त कळतं. लसीचं पुस्तक बघायचं. रेबीजची लस दरवर्षीची हवी, आणि आपल्याकडं चार महिने पाऊस, उंदीर, गटारं, म्हणून लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) पण असलेली बरी. करारात कुत्र्याचं वर्णन आणि संख्या लिहायची : एक, तांबूस, नर, नसबंदी झालेला. नाहीतर एकाचे तीन कधी होतात ते आपल्याला बारशालाच कळतं.

अॅडव्हान्सशिवाय एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम कुत्र्याच्या नावानं वेगळी ठेवते. घर सोडताना दोन फवारण्या आणि दाराचं पॉलिश त्यातून होतं, उरलेलं परत. दोन्ही दारांना आतून खाली दीड फूट पत्रा मारून घेतला आहे, त्याला चारशे रुपये लागले. चारशे! अडतीस हजारांच्या आधी हे मला कुणी सांगितलं असतं तर. गच्चीवर कुत्र्याला शी-शूला न्यायचं नाही. पावसाळ्यात नाइलाज झाला तर लगेच धुऊन काढायचं, कारण तिथं मी सांडगे घालते. दिवसा घरात कुणी नसेल तर कुत्रं सलग पाच-सहा तासांपेक्षा जास्त एकटं राहणार नाही. गावाला जाताना सांभाळणाऱ्याचं नाव, फोन आणि एक किल्ली माझ्याकडं. ही किल्लीची अट कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात मोलाची : अॅडव्हान्स परत मिळणार तो सामानाच्या टेंपोत कुत्रं चढल्यावर, आधी नाही. नवं ठिकाण कुठलं, तिथं कुत्रं चालतं का, हे मी महिनाभर आधी विचारते. चोंबडेपणा वाटतो, वाटू दे.

दर महिन्याला भाडं घ्यायला मी स्वतः वर जाते. गुगल पे मलाही येतं. पण वर गेलं की वास येतो का, पत्रा उचकटलाय का, दोन मिनिटांत दिसतं, आणि चहाही मिळतो.

रविवारी एक वाक्य बोललं गेलं त्यावर गप्प बसले याची मला लाज वाटते. ‘बिस्किटातून द्यायचं काहीतरी, प्रश्नच मिटला.’ हशा झाला. बोलणाऱ्यांनी समजून असावं की भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली जनावर मारलं किंवा पांगळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग ते भाडेकरूचं असो की गल्लीतलं. घाटात सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी : उपासमार होईल अशा तऱ्हेनं जनावर टाकून देणं हाही १९६०च्या त्याच कायद्यातला गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या खेपेला दहा ते पन्नास रुपये, कित्येक दशकं तेवढाच. पन्नास रुपयांत आज पाव किलो कुंदासुद्धा येत नाही.

अट घालायचा हक्क आपल्याला आहे, त्यावर माझा वाद नाही. स्वतःच्या घरात कुणाला ठेवायचं ते करार करण्याआधी आपण ठरवावं. अपार्टमेंटमध्ये मात्र हे तसंच्या तसं चालवू नका. सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ सालीच कळवलं आहे. ‘डेंजर जातींना तरी बंदी असू दे’ असंही कुणी म्हणालं. केंद्रानं २०२४च्या मार्चमध्ये तेवीस जातींविषयी तसं पत्र काढलं होतं, ते एप्रिलमध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. जात बघायचीच असेल तर जागेच्या हिशेबानं बघा. आपल्या शेजारच्या मुधोळचा कारवानी घ्या. घोरपडे राजांनी जोपासलेला, २००५ साली टपाल तिकिटावर आलेला, दिसायला देखणा, अंगावर हाडकांशिवाय काही नाही. स्वभावानं गरीब, पण तो ससा दिसला की सुटणारा शिकारी कुत्रा आहे. मोकळं रान आणि पळायला जागा असेल तिथं शोभतो. दोन खोल्यांत त्याला ठेवू पाहणाऱ्याला मी नाही म्हणेन, आणि त्याच जागेत दिवसभर झोपा काढणाऱ्या दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरला हो.

सभेत सांगितल्या गेलेल्या तक्रारी मी पिशवीतल्या किराणा यादीच्या मागं लिहून घेतल्या. अकरा होत्या. त्यातल्या सात गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या : गाडीमागं धावतात, कचरा ओढतात, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं सकाळी फिरायला जाता येत नाही. त्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पालिकेनं करायचं आहे. त्यासाठी मिळून निवेदन द्या, मी सही करते, हवं तर कन्नडमधला मसुदाही मी लिहिते. पण भाडेकरूंवर बंदी घातल्यानं त्या सातांतली एकही मिटत नाही. वाढेल कदाचित. तिसऱ्या रेल्वे गेटाकडं एक कुत्रं फिरतं, गळ्यात अजून लाल पट्टा आहे. ते काही गल्लीत जन्मलेलं नव्हे.

एक तक्रार चाव्याची होती, तेवढी गंभीर. त्या मुलाच्या जखमेवर घरच्यांनी हळद आणि चुना लावला असं ऐकलं. कृपा करून असं करू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. कुत्रं घरचं होतं, लस घेतलेलं होतं म्हणून मधेच थांबवायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक बोलते, राग येईल. ‘कुत्रं नको’ म्हणताना आपल्यातल्या काहींना कुत्रं नको नसतं. वर कोंबडीचे पाय शिजतील ते नको असतं. किंवा आडनाव नको असतं. एकटी मुलगी, नाहीतर कॉलेजातली पोरं नको असतात. ते तोंडावर म्हणवत नाही, मग कुत्र्याचं निमित्त बरं पडतं. माझ्याकडंही तीन वर्षांपूर्वी एक चांगली नर्स आली होती, मी तिला ‘वर कुत्रं आहे, तुम्हाला त्रास होईल’ असं सांगून जिन्याखालची खोली नाकारली. तेव्हा हे निमित्त दोन्ही बाजूंनी वापरता येतं, याचा अनुभव मला आहे.

माझं मागणं एवढंच की पाटीवरची ओळ रंगवायच्या आधी थांबा. ज्यांना खरंच नको त्यांनी नाही म्हणावं. पण तीसेक घरांनी मिळून नाही म्हटलं तर कुत्रं असलेली माणसं हिंदवाडी सोडून जाणार नाहीत, ती जिमची बॅग घेऊन येतील.

माझ्या करारातलं ते पान मी इंग्रजी, कन्नड आणि मराठीत टाइप करून घेतलं आहे, दहा झेरॉक्सही काढून ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी संध्याकाळी पाचनंतर या. फाटक उघडायच्या आधी एक हाक मारा. राजा तुमच्या पायांचा वास घेईल, एनू माडंगिल्ल. चपला तेवढ्या आत आणून काढा, बाहेर ठेवलेल्यांतली एकच मिळते.

आपली,
हिंदवाडीतली एक घरमालकीण